पेनड्राइव्ह थेट उपसावा का? एका जुन्या वादाचा आढावा

एप्रिल २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका तांत्रिक मदतपत्रकातली चार-दोन वाक्ये जगभर बातमी होऊन गेली. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हना ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण आपोआप लागू राहील आणि त्या धोरणाखाली ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’ न करताही ड्राइव्ह काढता येईल, असे त्यात म्हटले होते. मथळे अर्थातच त्याहून धीट निघाले: आता पेनड्राइव्ह खुशाल उपसा. घड्याळाशेजारच्या इजेक्टच्या त्या बारक्या चिन्हाकडे ज्यांनी कधी ढुंकूनही पाहिले नव्हते, त्यांना आपण पहिल्यापासून बरोबर होतो असे वाटले. जे इमानाने इजेक्ट करत आले होते, ते आजही करतात.

झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या संगणक कक्षात, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांच्या स्टुडिओत हा वाद अजून मिटलेला नाही. ‘इजेक्ट करायची गरज आहे का’ या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत, हे त्याचे कारण असावे. संगणकाचे लिहून झाले आहे का? ड्राइव्हने ते आपल्या आत नीट बसवले आहे का? आणि एखादा प्रोग्राम ती फाइल अजून धरून बसला आहे का? तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि वाद घालणारे बहुधा त्यातल्या एकाचेच उत्तर देत असतात.

फ्लॉपीपासून पेनड्राइव्हपर्यंत

१९८४ च्या मॅकिंटॉशला फ्लॉपी काढायचे बटणच नव्हते. संगणकाला आज्ञा द्यायची, मग आतली मोटर फ्लॉपी बाहेर ढकलायची. अडली तर पेपरक्लिप सरळ करून बारक्या भोकात खुपसावी लागे. फ्लॉपीचे चित्र कचरापेटीवर ओढले की ती बाहेर येते, ही रीतही तिथलीच. नवख्या माणसाला त्यात सगळे पुसले जाईल अशी भीती वाटे, आणि त्या भीतीत गैर काही नव्हते. आयबीएमच्या धर्तीच्या पीसीवर मात्र ड्राइव्हला बटण असे, ते माणसाच्या हातात असे. डॉस फ्लॉपीवर लिहायचे ते सहसा तिथल्या तिथे लिहून मोकळा होई. दोन्ही घराण्यांच्या सवयी इथूनच वेगळ्या वळल्या.

लिहिणे पुढे ढकलण्याचे धोके पीसीवाल्यांना १९९३ मध्ये कळले. एमएस-डॉस ६.० सोबतचा स्मार्टड्राइव्ह हा प्रोग्राम वेगासाठी मजकूर आधी मेमरीत घेई आणि सवडीने डिस्कवर उतरवी. पडद्यावर प्रॉम्प्ट परत आला की काम झाले असे समजून लोक वीज बंद करत, आणि न उतरलेला मजकूर जाई. तक्रारी वाढल्यावर त्याच वर्षीच्या ६.२ आवृत्तीत लिहिणे पुरे होईपर्यंत प्रॉम्प्ट परत येऊ न देण्याची दुरुस्ती झाली. आजचा सगळा वाद या छोट्या प्रकरणात आधीच होऊन गेला होता असे म्हणता येईल.

यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या त्यामागे होत्या. इंटेलमधले त्याचे एक प्रमुख शिल्पकार अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. संगणक चालू असताना जोडता-काढता यावे, ही या रचनेची मुळातली अट होती आणि ती तारेपर्यंत पाळलेली आहे. आपल्या नेहमीच्या चपट्या यूएसबी प्लगात विजेच्या दोन पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा लांब असतात. त्यामुळे लावताना वीज आधी पोचते आणि काढताना माहितीचा संपर्क आधी तुटतो. थेट उपसल्याने पोर्ट ‘जळते’ ही समजूत म्हणून फारशी टिकत नाही.

२००० साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने (तिचा ड्राइव्ह आयबीएमच्या नावाने विकला गेला) यूएसबीवर चालणारे ड्राइव्ह बाजारात आणले. आयबीएमच्या ड्राइव्हमध्ये ८ एमबी जागा होती, म्हणजे साडेपाच फ्लॉप्या. तार कधीही काढा म्हणत होती, पण त्या ड्राइव्हवर जी फाइल सिस्टिम बसवली गेली ती फॅट होती. तिचा उगम १९७७ चा, आणि मधेच डिस्क नाहीशी होईल ही कल्पना तिच्या रचनेत कुठेच नाही.

‘कॉपी झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

फॅटवर एक फाइल साठवायची म्हणजे तीन ठिकाणी लिहावे लागते. मजकूर त्याच्या जागी, तो कोणकोणत्या खणांत आहे याची साखळी तक्त्यात, आणि फाइलचे नाव, आकार, तारीख फोल्डरच्या यादीत. या तिन्हींच्या मधे ड्राइव्ह निघाला तर काय होते ते आपण पाहिलेलेच असते: नाव दिसते पण आकार शून्य, किंवा फाइल उघडते पण अर्ध्यावर कचरा, किंवा जागा भरलेली आणि फाइल कुठेच नाही. खुद्द तक्त्यावर लिहिताना घाव बसला तर ज्या फायलींना आपण हातही लावला नव्हता त्याही जातात, आणि ‘ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल’ हा निरोप येतो. या निरोपाला होकार देऊ नये. मजकूर पुष्कळदा आत शाबूत असतो, वाट हरवलेली असते.

१९९३ ची एनटीएफएस, लिनक्समधली २००१ ची ईएक्सटी३, मॅकवर २००२ मध्ये एचएफएस प्लसला मिळालेली जोड, या सगळ्यांनी रोजनामा ठेवण्याची पद्धत आणली. काय बदलणार आहोत ते आधी नोंदवायचे, मग बदल करायचा, म्हणजे मधेच खंड पडला तरी नोंद वाचून घडी पुन्हा बसवता येते. मात्र यात सहसा वाचते ती फाइल सिस्टिमची घडी. तुमच्या प्रबंधाचे शेवटचे पान वाचेलच याची हमी त्यात नाही, आणि हा भेद चर्चेत फार वेळा निसटतो. शिवाय मोठ्या क्षमतेच्या पेनड्राइव्हवर आणि एसडी कार्डांवर जी एक्सफॅट सर्रास असते, ती २००६ ची असूनही रोजनामा ठेवत नाही.

फाइल सिस्टिमच्या वरचा थर म्हणजे संगणकाची स्वतःची मेमरी. कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचते तेव्हा मजकूर काही वेळा फक्त मेमरीत पोचलेला असतो. पत्र पेटीत पडले म्हणजे पत्त्यावर पोचले असे होत नाही, तसेच हे. पेटी कधी उघडायची ते प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपापल्या हिशेबाने ठरवते.

‘मी तर फक्त वाचत होतो’ हा बचावही अर्धाच खरा आहे. विंडोज ड्राइव्हवर स्वतःचा एक लपलेला फोल्डर तयार करते. मॅक फोल्डरांची मांडणी आणि शोधाची सूची लिहून ठेवतो. फॅटमध्ये फाइल शेवटची कोणत्या दिवशी उघडली याचीही जागा आहे. आपण काही लिहिले नाही, याचा अर्थ ड्राइव्हवर काही लिहिले गेले नाही असा होत नाही.

विंडोजचे धोरण खरेच बदलले का?

थोडे बदलले, आणि बातम्यांतून वाटले तेवढे नाही. विंडोजमध्ये दोन धोरणे जुनीच आहेत. ‘क्विक रिमूव्हल’मध्ये ड्राइव्हवर लिहायचा मजकूर मेमरीत थोपवून धरला जात नाही. ‘बेटर परफॉर्मन्स’मध्ये थोपवला जातो, वेग मिळतो, आणि मग इजेक्ट करणे बंधनकारक होते. २०१९ चे पत्रक सांगते, की १८०९ च्या आधी दुसरे धोरण मूळ होते. पण विंडोज ७ च्या संगणकावर साधा पेनड्राइव्ह लावून डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर पहिल्याच धोरणापुढे ‘डिफॉल्ट’ असे लिहिलेले दिसे. म्हणजे साध्या पेनड्राइव्हपुरते लोक पूर्वीपासूनच बऱ्याच सुरक्षित रस्त्यावर होते, आणि ‘इतकी वर्षे उपसतोय, काही झाले नाही’ या अनुभवाला त्यामुळे आधार आहे. खुद्द कंपनीच्या कागदात आणि पडद्यावर ही तफावत असावी, हे गोंधळ टिकून राहण्याचे एक कारण आहे.

दोन गोष्टी या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. धोरण प्रत्येक ड्राइव्हपुरते वेगळे बदलता येते. ऑफिसातल्या कोणी वेगासाठी एखाद्या पोर्टेबल डिस्कचे धोरण बदलले असेल तर ते तुम्हाला वरून दिसणार नाही. दुसरे, क्विक रिमूव्हल संगणकाच्या मेमरीपुरते बोलते. कॉपी चालू असताना ड्राइव्ह काढायची मुभा त्याने कोणालाही दिलेली नाही.

‘हे उपकरण वापरात आहे’ म्हणून विंडोज इजेक्ट नाकारते तो वैताग तिसऱ्या प्रश्नातला. अडवणारा बहुधा अँटिव्हायरस, शोधसूची करणारी सेवा, किंवा मागे उघडी राहिलेली एखादी एक्सेल फाइल असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २२५ क्रमांकाची नोंद शोधली तर अडवणाऱ्या प्रोग्रामचे नाव मिळते. ही सोय आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ती इतकी आत का दडवली हे एक कोडेच आहे.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर वाद जवळजवळ नाही. न सांगता ड्राइव्ह काढला की ‘डिस्क नीट इजेक्ट केली नाही’ ही सूचना उजव्या कोपऱ्यात येते, आणि १९८४ पासूनची शिस्त पुढे चालू राहते. गंमत अशी, की त्याच अ‍ॅपलने २०१९ मध्ये आयपॅडवर पेनड्राइव्ह उघडू दिला तेव्हा इजेक्टचा पर्यायच ठेवला नाही. एकाच कंपनीत दोन विचार शेजारी शेजारी नांदतात.

लिनक्सवर हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे, आणि सर्वांत उघडपणे चर्चिला गेला तोही तिथेच. लिनक्स लिहायचा मजकूर मेमरीत साठू देतो. एरवी साधारण तीस सेकंद जुना झालेला मजकूर डिस्कवर पाठवायला घेतो आणि मेमरीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत, सहसा वीस टक्क्यांपर्यंत, साठा वाढू देतो. ६४ एमबी मेमरीच्या काळात हा साठा नगण्य होता. १६ जीबीच्या संगणकावर तो तीन जीबीच्या घरात जातो. सेकंदाला ८ एमबी लिहिणाऱ्या स्वस्त पेनड्राइव्हला तेवढे उतरवायला सहा मिनिटांहून अधिक लागतात. पट्टी मात्र केव्हाच पूर्ण झालेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१३ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्यांच्या मंडळात यावर मोठी चर्चा झाली. ही टक्केवारी लहान मेमरीच्या काळातली आहे आणि आता ती गैरलागू झाली आहे, हे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही मान्य केले.

मग प्रत्येक वेळी लगेच का लिहू नये? तशी सोय लिनक्समध्ये आहे, पण ड्राइव्ह जोडण्याच्या आज्ञेच्या पुस्तिकेतच इशारा आहे, की मर्यादित वेळा लिहिता येणाऱ्या फ्लॅश ड्राइव्हचे आयुष्य त्याने घटू शकते. फॅटचा तक्ता एकाच जागी असतो आणि प्रत्येक छोट्या बदलाला तो पुन्हा लिहावा लागतो. सुरक्षितता, वेग आणि ड्राइव्हची झीज ही तिन्ही एकदम साधत नाहीत.

ड्राइव्हच्या आत

इथवरची सगळी चर्चा संगणकाच्या बाजूची झाली. ड्राइव्हमध्येही एक छोटा संगणक असतो, कंट्रोलर. फ्लॅश मेमरी पानापानाने लिहिली जाते, पण पुसली जाते ती शेकडो पानांच्या गठ्ठ्याने. म्हणून कंट्रोलर मजकूर सतत इकडून तिकडे हलवतो आणि कोणती गोष्ट कुठे आहे याचा आपला वेगळा नकाशा ठेवतो. संगणकाने काहीही सांगितलेले नसताना हे काम चालू असू शकते. त्या क्षणी वीज गेली आणि नकाशा अर्धवट राहिला, तर फाइल सिस्टिम कितीही शहाणी असली तरी उपयोग होत नाही.

याबाबतचे संशोधन थोडे पण बोलके आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी फ्लॅश चिपांची वीज मुद्दाम तोडून पाहिली. एका पेशीत एकाहून अधिक बिट ठेवणाऱ्या चिपांत लिहिला जात असलेला मजकूर तर बिघडलाच, पण आधी नीट लिहून झालेलाही बिघडू शकतो असे त्यांना दिसले. २०१३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपीच्या संशोधकांनी पंधरा एसएसडींवर (फ्लॅश मेमरीच्या डिस्कवर) विजेचा खंड पाडण्याचे प्रयोग केले. त्यांतल्या तेरांनी काही ना काही अनपेक्षित दोष दाखवला. हे प्रयोग पेनड्राइव्हवरचे नव्हते, आणि सतत लिहीत असताना वीज तोडणे हा रोजचा प्रसंग नव्हे. तरीही ‘ड्राइव्ह झाले म्हणतो, म्हणजे झाले’ हे गृहीत त्यांनी कच्चे ठरवले.

इजेक्ट केल्यावर यात काय फरक पडतो? लिनक्सचे ड्राइव्ह सांभाळणारे सॉफ्टवेअर वीज तोडण्याआधी ड्राइव्हला दोन आज्ञा पाठवते: तुझ्याकडे साठलेले उतरव, आणि थांब. कंट्रोलरला आवरून घ्यायची संधी मिळते. सगळेच कंट्रोलर ती इमानाने घेतात असे नाही.

फिरत्या तबकड्यांच्या पोर्टेबल हार्ड डिस्कबद्दल मतभेदाला जागाच नाही. वीज अचानक गेली की वाचणारी दांडी घाईने मागे घ्यावी लागते, आणि डिस्क अशा प्रसंगांची वेगळी मोजणी स्वतःच ठेवते. अशा डिस्कला इजेक्ट करून, फिरणे थांबेपर्यंत क्षणभर थांबून मगच हलवावे.

मतांचे तीन गट

पहिला गट म्हणतो, साध्या पेनड्राइव्हला आता इजेक्टची गरज उरली नाही. त्यांची बाजू निव्वळ आळसाची नाही. हाताने उपसता येईल अशी वस्तू बनवायची आणि उपसल्यावर माणसाला दोष द्यायचा, हा रचनेचा दोष आहे असे ते म्हणतात. विंडोजचे मूळ धोरणही त्यांच्या बाजूने आहे.

दुसरा गट एकच सवय सर्वत्र पाळा म्हणतो. आज घरी विंडोज, उद्या ऑफिसात लिनक्स, परवा कोणाचा मॅक, अशात कुठे काय चालते हे लक्षात ठेवण्यापेक्षा दोन क्लिक स्वस्त पडतात. ड्राइव्हच्या आतला थर हा त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. त्यांची कमजोरी अशी, की ते कधी कधी साध्या पेनड्राइव्हचा धोका वाढवून सांगतात.

तिसरा गट रचनाकारांचा. त्यांना हे भांडणच चुकीच्या ठिकाणी चालले आहे असे वाटते. पट्टीने खरे सांगावे आणि फाइल सिस्टिमने अचानक जाणे सोसावे, असा त्यांचा आग्रह. अशा फाइल सिस्टिम आहेतही: फ्लॅशसाठी सॅमसंगने २०१२ मध्ये पुढे आणलेली एफ२एफएस, जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहिणारी अ‍ॅपलची एपीएफएस. मायक्रोसॉफ्टपाशीही विंडोज सीई या छोट्या उपकरणांच्या प्रणालीत टेक्सफॅट नावाची अशी आवृत्ती होती, पण ती डेस्कटॉपवर आली नाही. अँड्रॉइडने वेगळी वाट काढली. २०११ च्या सुमारास फोनची साठवण ड्राइव्ह म्हणून संगणकाच्या ताब्यात देणे त्याने सोडले आणि फाइलगणिक देवघेवीची एमटीपी पद्धत धरली. फाइल सिस्टिम फोनकडेच राहते, म्हणून केबल निसटली तर चालू असलेली फाइल जाते, बाकीचा संसार वाचतो.

न सुटलेले

तिसऱ्या गटाचे म्हणणे पटण्याजोगे असूनही अमलात येत नाही, कारण पेनड्राइव्ह सगळीकडे चालायला हवा. टीव्ही, गाडीतला स्टिरिओ, छपाईच्या दुकानातला जुना पीसी, कॅमेरा या सर्वांना समजणारी भाषा म्हणजे फॅट आणि एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये एक्सफॅटचा तपशील खुला केल्यावर ती आणखी पसरली, आणि रोजनामा नसलेली फाइल सिस्टिम आणखी पक्की झाली.

ड्राइव्हच्या आतले काम संपले की नाही हे सांगणारी भरवशाची खूण अजून नाही. लुकलुकणारा दिवा प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने लावते, आणि अलीकडच्या बारक्या ड्राइव्हना तो नसतोही. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधल्या एसएसडींत वीज गेल्यावर क्षणभर पुरेल इतकी वीज साठवणारे कपॅसिटर असतात. तीन-चारशे रुपयांच्या पेनड्राइव्हमध्ये ती सोय परवडणारी नाही.

नवी अडचण टाइप-सी डॉकची. एका केबलवर पडदा, चार्जर आणि दोन एसएसडी असतात. बैठकीला जाताना माणूस ती केबल ओढतो आणि सगळेच एकदम निघते. चार्जरची केबल काढताना कोणी इजेक्ट करत नाही. इथे सवय कोणती लावायची, यावर अजून कोणी नीट उत्तर दिलेले नाही.

आज कुठे उभे आहोत

अलीकडच्या विंडोजवर, धोरण बदललेले नसताना, कॉपी संपून थोडा वेळ गेल्यावर साधा पेनड्राइव्ह थेट काढला तर बिघडण्याची शक्यता कमी आहे. पहिल्या गटाचे एवढे म्हणणे मान्य करायला हवे. मॅक, लिनक्स, कोणतीही हार्ड डिस्क, ज्यावरून थेट एडिटिंग चालले आहे अशी एसएसडी, आणि दुसऱ्याचा अनोळखी संगणक, या सर्व ठिकाणी इजेक्ट करणे अजूनही आवश्यकच आहे. इजेक्ट नाकारले गेले तर ड्राइव्हवरून उघडलेल्या फायली बंद करून पाहा, मग साइन आउट करून पाहा, आणि तरीही ऐकले नाही तर संगणक बंद करून ड्राइव्ह काढा. आणि ज्या फाइलची एकच प्रत आहे आणि ती पेनड्राइव्हवर आहे, तिची दुसरी प्रत आजच काढून ठेवा. तिला इजेक्टनेही पुरते संरक्षण मिळत नाही.